दर अर्ध्या मिनिटाला एक विहीर

एक विहीर डोळ्यांसमोर आणा. 20 फूट व्यासाची, 32 फूट खोल. आता ती पाण्याने नाही, गॅसने काठोकाठ भरायची आहे. कोळसा किती लागेल? फक्त एक टन! एक टन दगडी कोळसा बंद भट्टीत तापवला की साधारण 10,000 घनफूट गॅस निघतो, आणि या विहिरीत मावतोही तेवढाच. तो कसा निघतो ते रसायनवाले बघून घेतील. आपण विहिरी मोजू.

मोजायला जायचं लंडनला. तिथे 1812 मध्ये राजाची सनद मिळवून ‘गॅस लाइट अँड कोक कंपनी’ उभी राहिली. शहरभर नळाने गॅस पुरवणारी जगातली ही पहिली कंपनी. तिच्यामागे फ्रेडरिक विन्सर नावाचा एक खटपट्या जर्मन होता. त्याने 1807 मध्येच पॅल मॅल रस्त्यावर गॅसचे दिवे लावून लोकांना तोंडात बोट घालायला लावलं होतं. 1813 च्या शेवटच्या रात्री वेस्टमिन्स्टरचा पूल उजळला. आणि 1819 पर्यंत लंडनच्या रस्त्यांखाली गॅसचे नळ किती पसरले? सुमारे 290 मैल! मुंबईहून पुण्याला जा, परत या, पुन्हा पुण्याला जा, तरी नळ शिल्लक. (सगळे हिचेच नव्हेत, तोवर इतर कंपन्याही उतरल्या होत्या.) मधल्या काळात आपणही गप्प बसलो नव्हतो बरं! 1834 मध्ये माझगावात अर्देशीर करसेटजी वाडियांनी स्वतःचा बंगला आणि बाग गॅसच्या दिव्यांनी उजळून दाखवली. मुंबईच्या रस्त्यांवर हे दिवे यायला मात्र 1865 साल उजाडलं.

पण खरी गंमत पुढेच आहे. 1870 मध्ये टेम्सच्या काठी कंपनीचा बेक्टनचा कारखाना सुरू झाला. कंपनीचे गव्हर्नर सायमन बेक, म्हणून गावाचं नाव बेक्टन! भरभराटीच्या काळात हा कारखाना वर्षाला सुमारे दहा लाख टन कोळसा खायचा. इंग्लंडच्या ईशान्येकडच्या खाणींतून तो बोटींनी यायचा, म्हणून ठीक. आपल्या दहा टनी ट्रकांनी आणला असता तर? दर सव्वापाच मिनिटांनी एक ट्रक फाटकात. दिवसा, रात्री, दिवाळीतसुद्धा. आजच्या मालगाडीने आणायचं म्हटलं तर चार हजार टनांच्या गच्च भरलेल्या अडीचशे गाड्या.

आणि सुरुवातीला हा सारा कोळसा रसरसलेल्या भट्टीत फावड्याने टाकायचा! पाळी बारा तासांची. 1889 मध्ये विल थॉर्न नावाच्या बेक्टनच्या भट्टीवाल्याने संघटना बांधली आणि पगार न कापता पाळी आठ तासांवर आणली. माझ्या मते या गोष्टीतला सगळ्यात मोठा आकडा हा आठच.

आता विहिरींकडे या. दहा लाख टन म्हणजे वर्षाला दहा लाख विहिरी. म्हणजे जवळजवळ दर अर्ध्या मिनिटाला एक! हा परिच्छेद वाचून होईपर्यंत दोन तरी भरल्या. एका दिवसाच्या विहिरी एकाखाली एक खणत गेलात तर खड्डा 26 किलोमीटरच्याही पुढे जातो; तीन एव्हरेस्ट एकावर एक रचून आत सोडा, शिखर वर दिसणार नाही. महिनाभर खणा, आठशे किलोमीटर. वर्षभर खणा, पावणेदहा हजार किलोमीटर! पासष्ट वेळा मुंबई-पुणे, आणि तेही सरळ खाली! पृथ्वीचा व्यासच मुळी पावणेतेरा हजार किलोमीटर. थांबू नका, खणत राहा, सोळाव्या महिन्यात आपण पृथ्वीच्या आरपार! जपून मात्र, लंडनच्या पलीकडच्या बाजूला न्यूझीलंडजवळचा समुद्र आहे.

1949 मध्ये सरकारने कंपनी ताब्यात घेतली, तेव्हा ती 547 चौरस मैलांत गॅस पुरवत होती. आपल्या महापालिकेची मुंबई त्यात तीनदा बसेल. पुढे समुद्राखालचा नैसर्गिक गॅस आला आणि 1969 मध्ये बेक्टनला कोळशापासून गॅस काढणं बंद झालं.

आकडे खोटे वाटत असतील तर कागद-पेन्सिल घ्या. त्रिज्या दहा फूट, खोली बत्तीस, आणि गुणिले दहा लाख. शून्यं नीट मोजा.