कामगंध सापळा अळी मारत नाही, वेळ सांगतो

२०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने विदर्भ-मराठवाड्यातली कपाशी पोखरली, आणि त्यानंतर काठीला बांधलेले नरसाळ्याचे सापळे शेतोशेती दिसू लागले. त्यांच्याबद्दलचे गैरसमजही तितकेच पसरले.

‘सापळे लावले, आता अळीची चिंता नाही’ हा त्यातला सर्वांत महागात पडणारा. सापळ्यात टांगलेल्या ल्यूरमध्ये, म्हणजे गंधाच्या गोळीत, मादी पतंगाच्या गंधाची कृत्रिम नक्कल असते, त्यामुळे सापळ्यात फक्त नर येतात. अंडी घालणारी मादी शेतातच राहते, आणि एक नर अनेक माद्यांशी मीलन करू शकतो. म्हणून एकरी दोन सापळे अळीचा बंदोबस्त करत नाहीत. त्यांचं काम पतंग मोजण्याचं आहे. नर मोठ्या प्रमाणावर पकडायचे असतील तर एकरी आठ सापळे लावतात, तरी शेतातली पाहणी टळत नाही.

मोजणी इतकी मोलाची का, हे अळीच्या सवयीवरून कळतं. अंड्यातून निघालेली अळी लवकरच पात्यात, फुलात किंवा कोवळ्या बोंडात शिरते. बोंडावरचं छिद्र बुजून जातं आणि वरून बोंड निरोगी दिसतं. एकदा ती आत गेली की फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. तिच्या आधी उडणारा पतंग मात्र सापळ्यात दिसतो. पेरणीनंतर सुमारे ४५ दिवसांनी सापळे लावायचे आणि आकडा वहीत लिहायचा, तो यासाठीच.

याउलट, दोन पतंग दिसताच पंप पाठीवर घेणारेही आहेत. सलग तीन दिवस एका सापळ्यात रोज आठ किंवा जास्त पतंग आले, तर ती आर्थिक नुकसानीची पातळी. सोबत डोमकळ्या, म्हणजे अळी आत असल्याने न उमललेली फुलं, शोधाव्यात, शेतभर फिरून वीसेक हिरवी बोंडं फोडून पाहावीत. दहा टक्के फुलं किंवा बोंडं किडलेली निघाली, तरीही फवारणीची वेळ झाली असं समजावं.

‘सापळा रिकामा, म्हणजे शेत सुरक्षित’ हेही खरं नाही. ल्यूर जुना झाला असेल. पाकिटावरच्या मुदतीप्रमाणे, साधारण तीन-चार आठवड्यांनी तो बदलावा लागतो. सापळा पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर उंच हवा, त्यामुळे कपाशी वाढली की त्यालाही वर सरकवावं लागतं. किंवा ल्यूरच चुकीचा असेल. गुलाबी बोंडअळीला गॉसिप्ल्यूर, हिरव्या अमेरिकन बोंडअळीला हेलिल्यूर, तंबाखूवरच्या पाने खाणाऱ्या अळीला स्पोडोल्यूर. एकाचा गंध दुसरीला ओढत नाही. ल्यूर हाताळताना हातमोजे घालावेत, म्हणजे एकाचा वास दुसऱ्याला लागत नाही.

वेचणी संपली म्हणून सापळे गुंडाळू नयेत. अळी सरकीत लपून कापसासोबत प्रवास करते, म्हणून जिनिंगच्या आवारात आणि कापूस साठवलेल्या जागीही ते लावावे लागतात. फरदड, म्हणजे वेचणीनंतरही शेतात ठेवलेलं पीक, तर घेऊच नये, कारण त्यावर अळीला खाद्य मिळत राहतं.