तालमीचा खुराक आणि पावडरीचा डबा

गाणे शिकविणाऱ्याने बलोपासनेवर लिहावे हे काही वाचकांस चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. परंतु बडोद्याच्या जुन्या मराठी घरांना तरी तसे वाटू नये. ज्या दरबाराने गवई पदरी बाळगले त्यानेच पहिलवानही बाळगले. खंडेराव महाराजांचा कुस्तीचा षोक सर्वश्रुत आहे. १९०२ साली गामा पहिलवानाने उचललेला धोंडा सयाजीबागेतील संग्रहालयात अद्याप पाहावयास मिळतो. प्रो. माणिकरावांचे जुम्मादादा व्यायाममंदिर याच शहरातले, आणि द. चिं. मुजुमदारांनी संपादिलेल्या ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे खंडही येथेच सिद्ध झाले. तेव्हा तालीम आणि तंबोरा यांचा शेजार आपल्याकडे जुनाच आहे.

नवा आहे तो स्वयंपाकघरातला डबा. पूर्वी तालमीत जाणाऱ्या मुलासाठी रात्री हरभरे भिजत पडत, बदाम उगाळले जात, दुधावर तूप सोडले जाई. आता फळीवर गोडेतेलाच्या डब्याशेजारी दोन किलोंची काळी बरणी येऊन बसते, तिच्यावर फुगलेल्या दंडाचे चित्र असते, आणि घरातील वडीलधारी मंडळी तिच्याकडे साशंक नजरेने पाहत राहतात. माझ्या वर्गास येणाऱ्या मुलांच्या आया अलीकडे रियाजापेक्षा या बरणीविषयीच अधिक विचारतात. ‘मास्तर, हे घेऊ द्यावे की नाही?’ मुले जिममधून परस्पर वर्गाला येतात, म्हणून हा प्रश्न माझ्या वाट्याला.

याचे उत्तर ‘घेऊ द्या’ किंवा ‘फेकून द्या’ असे एका शब्दात येत नाही. राग ठरल्यावाचून तंबोऱ्याची पहिली तार पंचमाला लावावी की मध्यमाला, हे ठरत नाही. मालकंस गायचा आणि तार पंचमाची, असे झाले तर दोष तारेचा नव्हे. मुलाला वजन वाढवायचे आहे, बळ वाढवायचे आहे, की अंगावरची चरबी उतरवायची आहे, हे आधी विचारावे. गंमत अशी की बहुतेकांना तिन्ही हवे असते, आणि तेही गणपतीच्या आत.

स्नायू वाढविणे हा हेतू असेल तर पहिला विचार प्रथिनांचा. सामान्य माणसाला वजनाच्या दर किलोमागे सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने रोज पुरेशी होतात, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० साली ठरविले. वजने उचलणाऱ्याला मात्र सुमारे १.६ ग्रॅमपर्यंत लाभ होतो. त्यापुढे फायदा फारसा वाढत नाही, असे २०१८ साली ४९ प्रयोगांच्या एकत्रित पाहणीत दिसून आले. म्हणजे ७० किलोंच्या मुलाला ११२ ग्रॅम. आता आपल्या शाकाहारी घरातले ताट मोजू. आठ पोळ्या, दोन वाट्या वरण, अर्धा लिटर दूध, वाटीभर दही : सगळे मिळून साठ-पासष्टाच्या घरात जाते. उरले पन्नास. त्यांपैकी शंभर ग्रॅम पनीर अठरा देते, मूठ-दीड मूठ शेंगदाणे दहा-बारा देतात; मग राहिलेल्या वीस-बावीसांसाठी पावडरीचा एक चमचा हिशेबात बसतो. अंडी-मासे खाणाऱ्या घरात तोही बहुधा लागत नाही. हिशेब असा आधी ताटाचा आणि मग डब्याचा करावा. जिममधील शिक्षक तो उलट करतात, कारण पुष्कळ ठिकाणी डबाही तेच विकतात.

ही व्हे पावडर म्हणजे काही परदेशी जादू नव्हे. श्रीखंडाचा चक्का टांगला की खाली पातेल्यात जे पाणी गळते, त्याच जातीची ती वस्तू. चीजच्या कारखान्यांना एके काळी या पाण्याची विल्हेवाट कशी लावावी हा प्रश्न पडे. आता ते गाळून, आटवून, वाळवून त्याचे सोने होते. आपल्या पातेल्यातले पाणी पिऊन मात्र काम भागायचे नाही, त्यात शंभर मिलिलिटरला जेमतेम ग्रॅमभर प्रथिन असते. व्हे लवकर पचते, दुधातले दुसरे प्रथिन केसीन सावकाश पचते. म्हणून रात्री केसीनचा वेगळा डबा घ्या असे सांगतात. पेलाभर दूध तेच काम करते, हे सांगायला कोणी दुकानदार पुढे येत नाही. ‘बीसीएए’ नावाचे रंगीत पाणीही ज्याची प्रथिने पुरेशी आहेत त्याला निरुपयोगीच. आणि ‘मास गेनर’च्या पाच किलोंच्या पोत्यात मुख्यतः माल्टोडेक्स्ट्रिन असते, त्यापेक्षा केळी, शेंगदाण्याची चिक्की आणि तुपाची पोळी बरी.

बळासाठी, म्हणजे थोड्या वेळात जोराने करण्याच्या कामासाठी, एकच पूरक असे आहे की ज्याच्या बाजूने भरपूर पुरावा आहे. ते क्रिएटिन मोनोहायड्रेट. १८३२ साली शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ते मांसात शोधले. पहिल्या काही सेकंदांच्या जोराला स्नायू जी शक्ती वापरतो ती भरून काढण्याचे काम त्याचे. शाकाहारी माणसाच्या स्नायूंत त्याचा साठा कमी असतो, त्यामुळे आपल्याकडील पुष्कळ मुलांना त्याचा गुण अधिक येतो. रोज तीन ते पाच ग्रॅम पुरे. आरंभी आठवडाभर वीस-वीस ग्रॅम घेण्याची रीत आहे, तिने साठा लवकर भरतो इतकेच. साध्या मात्रेनेही तीन-चार आठवड्यांत तेथेच पोचता येते. स्नायूंत पाणी धरल्यामुळे आरंभी किलो-दोन किलो वजन वाढते. चरबी उतरवू पाहणारा मुलगा काटा पाहून येथे घाबरतो आणि चांगली गोष्ट सोडून देतो.

माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरी निराळीच घबराट झाली. विम्यासाठी रक्त तपासले, तर क्रिएटिनीन १.४ निघाले. आजोबांनी मूत्रपिंड गेले असेच धरून चालले, आई देवासमोर बसली, आणि मुलाच्या जिमवर बंदी आली. घरच्या डॉक्टरांनी डबा पाहावयास मागितला, तेव्हा उलगडा झाला. क्रिएटिनचे विघटन होऊन क्रिएटिनीन बनते. ते घेणाऱ्याच्या रक्तात हा आकडा मूत्रपिंड ठणठणीत असतानाही थोडा चढलेला दिसू शकतो. डॉक्टरांनी सिस्टॅटिन-सी ही दुसरी तपासणी केली आणि ती ठीक आली. पण हा आकडा खऱ्या दुखण्यानेही चढतो, म्हणून घरच्या घरी निदान करू नये. घरात मूत्रपिंडाच्या विकाराची, मधुमेहाची किंवा रक्तदाबाची परंपरा असेल, तर हा डबा उघडण्यापूर्वीच रक्त तपासून घ्यावे, आणि पुढे प्रत्येक तपासणीच्या वेळी काय घेतो ते डॉक्टरांस सांगावे. मुले नेमके तेवढेच लपवितात.

चरबी उतरविण्याचे पूरक म्हणून जे विकले जाते त्याविषयी माझे मत कडू आहे. ‘फॅट बर्नर’मध्ये बहुधा कॅफीन आणि हरित चहाचा अर्क असतो, अर्काच्या मोठ्या मात्रेने यकृतास इजा झाल्याच्या नोंदी आहेत. एफेड्रा नावाची वनस्पती एके काळी यातच असे. तिच्यावर अमेरिकेने २००४ साली बंदी घातली. चरबी उतरते ती कमी खाण्याने. त्या काळात प्रथिने मात्र कमी करू नयेत, म्हणजे स्नायू झडत नाहीत.

आता एकत्र घेण्याविषयी, कारण घोटाळा खरा तेथेच होतो. व्हे, क्रिएटिन आणि साधे जेवण यांचे आपसांत भांडण नाही; एकाच पेल्यात घेतले तरी चालते. घात होतो तो कॅफीनची बेरीज न केल्याने. व्यायामापूर्वी किलोमागे तीन मिलिग्रॅम घेतल्यास जोर वाढतो हे खरे. पण प्री-वर्कआउटच्या एका चमच्यात दोन-तीनशे मिलिग्रॅम असतात, वर फॅट बर्नरची गोळी, वर मित्रांबरोबर कॉफी. निरोगी प्रौढाने दिवसात चारशेच्या वर जाऊ नये, अशी मर्यादा सांगितली जाते. शिवाय अर्धे कॅफीन शरीरातून जायला सुमारे पाच तास लागतात. सायंकाळी सहाला घेतलेल्या तीनशेपैकी दीडशे रात्री अकराला अंगात जागेच असते. असा मुलगा सकाळी खर्जाला बसला की आवाज थरथरतो, लांब स्वर तुटतो. मी विचारतो ‘झोप?’, आणि तो खाली पाहतो. झोपेत भरून येणारा स्नायू झोप मोडून वाढवू पाहणे, हा उद्योग मला तरी समजत नाही. चमचा घेताच चेहऱ्याला मुंग्या येतात, ती बीटा-अ‍ॅलनीनची खूण. ते निरुपद्रवी आहे, परंतु मिनिट ते चार मिनिटांच्या जोरकस कामातच, आणि तेही आठवडेच्या आठवडे रोज घेतल्यावर उपयोगी. मुंग्यांना ताकद समजू नये.

आणखी एक जोडी सांभाळावी : डॉक्टरांनी लोहाची गोळी दिली असेल तर ती चहाबरोबर किंवा दुधातल्या पावडरीबरोबर घेऊ नये. लोह अंगी लागत नाही.

राहिली भेसळ. प्रथिन मोजण्याची जुनी रीत १८८३ सालच्या केल्डाल नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञाची. ती नायट्रोजन मोजते आणि त्यावरून प्रथिनाचा हिशेब मांडते. लबाड उत्पादक ग्लायसीन, टॉरीन अशी स्वस्त द्रव्ये घालून तोच आकडा फुगवितात. २०२४ साली भारतीय बाजारातील ३६ पावडरींची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी सुमारे ७० टक्क्यांवरची प्रथिनांची माहिती चुकीची निघाली. म्हणून लेबलावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना क्रमांक पाहावा आणि घटकांची यादी वाचावी. ‘खास मिश्रण’ असे मोघम लिहून मात्रा लपविलेली असेल, तर डबा फळीवरच ठेवावा.

स्पर्धेत उतरणाऱ्या मुलाला याहून मोठा धोका आहे. काही डब्यांत उत्तेजके किंवा स्टेरॉइडे लेबलावर न लिहिता मिसळलेली सापडली आहेत, आणि उत्तेजक-चाचणीचा नियम असा की शरीरात द्रव्य सापडले की जबाबदारी खेळाडूची. ‘मला ठाऊक नव्हते’ म्हटल्याने निर्दोष सुटका होत नाही. प्रत्येक बॅच बाहेरच्या प्रयोगशाळेत तपासून शिक्का देणाऱ्या संस्था आहेत, त्यांपैकी ‘इन्फॉर्म्ड स्पोर्ट’ ही एक. तो शिक्का असलेला डबा महाग पडतो. तरी स्पर्धकाने तोच घ्यावा, दुकानाची पावती जपावी, आणि संपलेला डबा बॅच क्रमांक दिसेल असा काही महिने माळ्यावर ठेवावा.