काजवे बघायला जाताय? मग आधी बॅटरी बंद करा!

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा जे लोकलमध्ये इयरफोन विसरलेत, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोलण्याचा सूर तसाच ठेवलाय, सांभाळून घ्या.

मे संपत आला की माझ्या फोनवर एकच प्रश्न सुरू होतो, "काजव्यांचा ट्रेक कधी?" प्रश्न साधा आहे. पण उत्तर देताना मला दरवेळी एक रात्र आठवते. आज ती सांगून टाकतो.

ती रात्र

काही वर्षांपूर्वी मी शनिवार-रविवारचे ट्रेक लीड करायचो. भंडारदऱ्याच्या बाजूला, अकोले तालुक्यात, बेचाळीस जणांची बस घेऊन गेलो होतो. रात्रीचे साडेनऊ. समोर सादड्याचं मोठं झाड, आणि अख्खं झाड लुकलुकत होतं. एका फांदीवर उजेड पेटायचा आणि लाट आल्यासारखा दुसरीकडे सरकायचा. आधी सगळे गप्प झाले. मग कोणीतरी मोबाईलचा फ्लॅश लावला. बघता बघता सगळ्यांनीच लावला. मागून आणखी दोन गाड्या आल्या, हेडलाईट चालू ठेवून.

पाच-दहा मिनिटांत झाडावरची लुकलुक मंदावली. लोक विचारायला लागले. मी काय सांगितलं असेल? "वारा सुटलाय ना, म्हणून कमी झालेत." मला कारण माहीत होतं. पण पैसे भरून आलेल्या माणसांना "फोन खिशात टाका" म्हणायची हिंमत झाली नाही.

आमच्यासोबत वाट दाखवायला आलेले गावातले मामा सगळं बघत होते. परत निघताना एवढंच म्हणाले, "काजवं बघाया आलात ना? मंग उजेड कशाला घिऊन आलात?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

काजवा चमकतो कशासाठी?

काजवा म्हणजे माशी नाही, भुंग्याच्या जातकुळीतला कीटक. त्याच्या पोटाच्या टोकाला ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य असतं. ल्युसिफरेज हे एन्झाइम आणि ऑक्सिजन यांच्या मदतीने त्यातून उजेड तयार होतो. या उजेडात उष्णता जवळपास नसतेच, म्हणून त्याला थंड प्रकाश म्हणतात.

आणि हा उजेड आपल्यासाठी नसतो. नर-मादीची ती एकमेकांना दिलेली हाक असते. बऱ्याच जातींमध्ये नर उडत उडत ठराविक लयीत चमकतो आणि खाली गवतात किंवा झुडपात बसलेली मादी उत्तर देते. आता त्या अंधारात चाळीस टॉर्च पेटल्यावर काय होणार? लग्नाच्या मांडवात डीजे लागलाय आणि तुम्ही कोपऱ्यातल्या माणसाला कुजबुजत हाक मारताय, अशी गत. हाक पोचत नाही. जोडी जमली नाही तर अंडी नाहीत, आणि अंडी नाहीत तर पुढच्या वर्षी काजवे कमी.

त्यात घाई अशी की काजव्याच्या आयुष्याचा मोठा भाग अळी म्हणून ओल्या मातीत, पालापाचोळ्यात, गोगलगायी खात जातो. पंख फुटल्यावर हातात असतात जेमतेम काही आठवडे. आपल्याकडे ते नेमके पावसाच्या तोंडावर येतात, मेचा शेवट ते जूनचा मध्य. म्हणजे आपले ट्रेकचे दोन-तीन वीकेंड आणि त्यांचा अख्खा हंगाम एकच.

दुसरी गोष्ट पायाखालची. "जरा जवळून बघू" म्हणून आपण वाट सोडून गवतात शिरतो, तिथेच माद्या बसलेल्या असतात आणि तिथेच पुढची पिढी वाढणार असते.

रीलमधलं झाड आणि खरं झाड

इन्स्टावर जो सोनेरी ठिपक्यांनी भरलेला फोटो दिसतो ना, तो बहुतेक वेळा एका क्षणाचा नसतो. कॅमेरा स्टँडवर लावून बराच वेळ काढलेले अनेक फोटो एकावर एक रचलेले असतात. डोळ्यांना तसं दिसत नाही. मग लोक नाराज होतात, आणखी जवळ जातात, फ्लॅश मारतात. फ्लॅशमध्ये येतात फक्त पानं! तेव्हा फोटोचा नाद सोडा. पंधरा-वीस मिनिटं अंधारात शांत उभे राहा. डोळे अंधाराला सरावले की जे दिसतं, ते कुठल्याच फोनमध्ये मावत नाही.

मग जायचंच नाही का?

जायचं! भंडारदऱ्याचा बराच परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. तिथल्या गावांना या दिवसांत चार पैसे मिळतात, आणि ते मिळायलाच हवेत. पुरुषवाडीसारख्या गावात तर लोक घरीच राहायची-जेवायची सोय करतात. प्रश्न आहे कसं जायचं याचा.

बुकिंग करण्याआधी आयोजकाला चार प्रश्न विचारा. एका बॅचमध्ये किती जण? वाटाड्या गावातला आहे का? जेवण गावातल्या घरी आहे की शहरातून डबे येणार? शौचाची सोय काय? महाराष्ट्र सरकारचं साहसी पर्यटनाचं धोरण २०२१ मध्ये आलंय, त्यात आयोजकांच्या नोंदणीची तरतूद आहे. "तुमची नोंदणी आहे का?" हेही बिनधास्त विचारा. उत्तर टाळलं तर तुम्ही तो ग्रुप टाळा.

तिथे पोचल्यावर:

- गाडी गावात लावा आणि शेवटचा टप्पा चालत जा.
- टॉर्चवर लाल जिलेटिन कागद लावा, उजेड पायाशी ठेवा. झाडाजवळ पोचलात की तोही बंद.
- डासांचा स्प्रे जंगलात मारू नका. तो कीटकांसाठीच बनवलेला असतो, डास आणि काजवा असा फरक तो करत नाही. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला.
- पाणी घरून भरून न्या. मे महिन्यात तिथल्या विहिरींचा तळ दिसत असतो. तुमची आंघोळ म्हणजे कुणाच्या तरी डोक्यावरचा हंडा.
- शौचाला पाण्यापासून किमान साठ मीटर लांब जा, वीतभर खड्डा करा आणि बुजवा. टिश्यू आणि पॅड पिशवीत घालून परत आणा.
- ढग गडगडायला लागले तर मोकळ्या माळावर किंवा एकट्या झाडाखाली थांबू नका. अडचण आली तर ११२ लावा. रेंज सगळीकडे मिळत नाही, म्हणून निघण्याआधी घरी गावाचं नाव सांगून ठेवा.

आपण थांबलो नाही, तर

उत्तराखंडात बुग्याल म्हणतात अशी उंचावरची गवताची कुरणं आहेत. रूपकुंडच्या वाटेवर बेदनी बुग्याल लागतं, आपल्याकडचे कितीतरी ट्रेकर तिथे तंबू ठोकून राहिलेत. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांवर रात्री मुक्काम करायला बंदी घातली. कुरणांसाठी ते गरजेचं होतं. पण आपण दुसरा ट्रेक शोधला. खेचरवाले, स्वयंपाकी, वाटाडे यांनी काय शोधायचं? गर्दी आपण करायची आणि बंदीची झळ गावाने सोसायची, हा हिशोब बरोबर नाही.

गेल्या जूनमध्ये मी पुन्हा त्या गावात गेलो. मंगळवारी, फक्त पाच जण. मामांच्या घरी नागलीची भाकरी आणि पिठलं खाल्लं. निघताना सगळ्यांचे फोन मामांच्या फडताळात ठेवले. झाडाखाली तासभर उभे होतो. परतताना मामा पुढे, आम्ही मागे, कोणाकडेच उजेड नव्हता आणि कोणीही ठेचकाळलं नाही. मी त्यांना त्या वर्षीच्या वाऱ्याच्या थापेबद्दल सांगितलं. ते हसले, म्हणाले, "मला तवाच कळलं व्हतं. पानबी हालत नव्हतं."

तर मंडळी, या जूनला जाणार असाल तर हा भाग तुमच्या ट्रेकच्या ग्रुपवर टाका, बस सुटायच्या आधी. भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि हो, स्क्रीन बंद करा आता!