‘काशीगाव’ चार अक्षरी की सात? ऑनलाइन फॉर्ममध्ये मराठी नावे का अडतात

मिरा-भाईंदरमधील काशीगाव. वाचणाऱ्याला चार अक्षरे, संगणकाला मात्र सात चिन्हे. दोन काने आणि एक वेलांटी तो वेगळी मोजतो. ऑनलाइन फॉर्ममध्ये यादी भरताना याच हिशेबामुळे गोंधळ होतो.

नाव लिहून एंटर दाबले की त्याची छोटी पट्टी होते आणि पुढच्या नावासाठी जागा मोकळी होते. ईमेलमधील ‘टू’चा रकाना असाच. प्रोग्रामर ही चौकट एकदाच तयार करतात आणि कुटुंबातील सदस्य, वॉर्ड, स्टेशन अशा अनेक फॉर्मना जोडतात. वेळ वाचतो, पण एका चौकटीतली चूकही सगळीकडे पोहोचते.

कॉम्प्युटरवर इंग्रजी कळांनी मराठी लिहिताना सुचवलेला शब्द निवडायलाही अनेकदा एंटरच दाबावे लागते. चौकटीला वाटते नोंद संपली, आणि अर्धवट शब्द यादीत जातो. वास्तविक टायपिंग सुरू असल्याची खूण ब्राउझर देतो. ती तपासण्याचे कष्ट घ्यायला हवेत, इतकेच.

शोधाचे दुखणे वेगळे. २०१४ मध्ये प्रमाणित झालेल्या एचटीएमएल ५ मधील ‘डेटालिस्ट’ जुळणारी नावे सुचवते. पण ऱ्हस्व आणि दीर्घ वेलांटी ही दोन स्वतंत्र चिन्हे, म्हणून ‘काशिगाव’ लिहिणाऱ्याला ‘काशीगाव’ दिसत नाही. ‘मिरा’ आणि ‘मीरा’ तर दोन्ही सर्रास लिहिले जाते! दोन्ही वेलांट्या एकच धरण्याची सूचना मूळ चौकटीत घातली, की ती वापरणारे सगळे फॉर्म सुधारतात.

तोवर ‘काश’ एवढेच टाइप करा, वेलांटीआधी थांबा आणि यादीतून नाव निवडा.