आठ हातांची पाहुणी

कोकणच्या किनाऱ्यावर वाढलेल्या वाचकाला माकुल सांगायला नको. ताटात चवीने खाल्लेल्या त्या माकुलाचा चुलतभाऊ म्हणजे ऑक्टोपस. नाते शंख-शिंपल्यांशी, पण अंगावरचे कवच यांच्या पूर्वजांनी केव्हाच टाकले आणि त्या बदल्यात अक्कल घेतली, असे म्हणायला हरकत नाही. आठ हात, तीन हृदये, तांब्यामुळे निळे झालेले रक्त! आपल्या पुराणकारांनाही याहून अधिक सुचले नसते.

असला प्राणी कुणी दिवाणखान्यात ठेवील, हे मला खरे वाटले नसते. परंतु गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत मी कॅलिफोर्नियात, सॅन डिएगोला भाच्याकडे राहिले, तेव्हा त्याच्या घरी एक मादी नांदत होती. नाव ठेवले होते ठकी. ही जात तिकडच्याच किनाऱ्यावरची. दोन्ही डोळ्यांखाली एकेक निळे कडे असते, म्हणून ती दोन ठिपक्यांची. धड मुठीएवढे, हात मात्र लांबच लांब. ऑक्टोपसच्या जनुकांचा संपूर्ण आराखडा 2015 साली प्रथम प्रसिद्ध झाला, तो याच जातीचा.

हा संसार स्वस्तातला नव्हे. दोनशे लिटरची काचपेटी. पाणी गाळून शुद्ध केलेले आणि त्यात समुद्री मीठ मोजून विरघळवलेले. ती भरली की लगेच प्राणी सोडता येत नाही. त्याच्या मलमूत्रातला अमोनिया पचवणारे जिवाणू आधी दगड-वाळूत वसावे लागतात, त्याला दोन-तीन महिने जातात. पाणी थंड ठेवायला निराळे यंत्र. तांब्याचा अंशही पाण्यात उतरता कामा नये; ज्या तांब्यावर तिचे रक्त चालते, तेच बाहेरून आले की विष! सोबतीला मासे ठेवावेत, तर ती त्यांना फस्त करते.

सर्वांत महत्त्वाचे झाकण. अंगात हाड नाही. टणक म्हणावी अशी पोपटासारखी चोच तेवढी. चोच गेली की अख्खी बाई गेली! न्यूझीलंडमधल्या नेपियरच्या मत्स्यालयातून इंकी नावाचा ऑक्टोपस झाकणाच्या फटीतून निघाला, फरशीवरून सरपटत सांडपाण्याच्या नळीत शिरला आणि समुद्राकडे पसार झाला. ही बातमी 2016 साली जगभर गाजली. भाच्याच्या झाकणाला चार कड्या होत्या.

ठकीची खरी ओळख झाली ती जेवणाच्या वेळी. भाचा जिवंत खेकडा बरणीत घालून, झाकण फिरवून पेटीत सोडी. ती बरणीला मिठी मारून बसे, रंग बदली—तपकिरी, राखी, मध्येच पांढुरकी—आणि थोड्या वेळाने झाकण सुटून तळाशी पडे. तिच्या मज्जापेशींपैकी निम्म्याहून अधिक हातांत असतात. तेव्हा ती विचार डोक्याने करते की हातांनी, हा प्रश्न मी आमच्या तर्कशास्त्राच्या प्राध्यापकांवर सोपवते. आठवड्याभरात मी खुर्ची ओढली की ती काचेशी येऊ लागली. माझ्या वर्गात इतक्या लवकर कोणी ओळख दाखवीत नाही.

इतक्या हुशार जिवाला पेटीत कोंडणे मला रुचले नाही, आणि तसे मी बोलूनही दाखवले. भाचा म्हणाला, "मावशी, ही खेकड्यांच्या पिंजऱ्यात सापडलेली. मी घेतली नसती तर गळाला आमिष म्हणून गेली असती." यावर मला उत्तर नव्हते, पण समाधानही झाले नाही.

मग एके दिवशी तिने खेकडा घेतलाच नाही. कपारीच्या छताला अंड्यांचे घोस लटकलेले दिसले. मादी अंड्यांवर पाणी फुंकीत, ती साफ करीत महिनोन् महिने उपाशी बसते आणि पिले निघाली की मरते. एरवीही आयुष्य एक-दोन वर्षांचेच. अमेरिकन शास्त्रज्ञ जेरोम वोडिन्स्की यांनी 1977 साली दुसऱ्या एका जातीवर दाखवले, की डोळ्यांजवळच्या विशिष्ट ग्रंथी काढल्या तर मादी पुन्हा खाऊ लागते, अधिक जगते. मात्र अंडी सोडून देते.

"मग तसे करता येईल का रे?" मी विचारले.

"आणि अंड्यांचे काय, मावशी?"

मी परतल्यावर ऑगस्टात पिले निघाली. या जातीची पिले पाण्यावर तरंगत न राहता थेट तळाशी चालू लागतात, म्हणून घरीही वाढवता येतात. ओक्लाहोमातील एका कुटुंबाकडे 2024 साली अशी सुमारे पन्नास निघाली होती. पण ती एकमेकांना खातात. ठकी तिसऱ्या दिवशी गेली. भाच्याने भोके पाडलेल्या डब्यांची रांग पाण्यात मांडली आहे. प्रत्येकीत एकेक चिमुकले पिल्लू, आणि प्रत्येकाला रोज जिवंत बारीक कोळंबी.