सुवाह्य संगीतयंत्रांची दुरुस्ती

सहज उचलून नेता येणाऱ्या व विद्युत् घटांवर चालणाऱ्या संगीतयंत्रांतील बिघाड शोधून ती पुन्हा वापरण्यायोग्य करून देण्याचा व्यवसाय. ट्रँझिस्टर रेडिओ, कॅसेटवादक, रेडिओ व टेपरेकॉर्डर एकत्र असलेला टू-इन-वन, वॉकमन, सीडीवादक आणि अंकीय संगीतवादक यांचा यात समावेश होतो. मराठवाड्यातील नांदेड व लातूर या शहरांत, तसेच त्यांच्या आसपासच्या तालुक्यांच्या गावी, हा व्यवसाय प्रामुख्याने लहान दुकानांतून व एकट्यादुकट्या कारागिराच्या हातून चालत आला आहे.

विकास : ट्रँझिस्टरचा शोध १९४७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत लागला व १९५४ मध्ये खिशात मावणारा ट्रँझिस्टर रेडिओ तेथे विक्रीस आला. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये कॅसेट व सोनी कंपनीने १९७९ मध्ये वॉकमन प्रचारात आणला. वीज न पोहोचलेल्या खेड्यांत घटांवर चालणाऱ्या रेडिओला विशेष महत्त्व होते. १९८० नंतरच्या दशकात स्वस्त कॅसेटींमुळे चित्रपटगीतांबरोबरच भजने, भीमगीते, लोकगीते व कव्वाल्या घरोघरी पोहोचल्या. नांदेड येथील गुरुद्वाऱ्यामुळे पंजाबी कीर्तन, देगलूर-बिलोलीकडे तेलुगू व उदगीरकडे कन्नड गाणी यांचीही त्यांत भर पडली. आठवडी बाजाराला येताना बिघडलेले यंत्र पिशवीत घालून आणणे व पुढच्या बाजाराला ते परत नेणे, हा खेड्यातील ग्राहकाचा परिपाठ होता.

दोष व त्यांचे निवारण : बिघाड शोधण्याचे काम ठराविक क्रमाने करतात. प्रथम घट व त्यांच्या पेटीतील पत्र्याचे संपर्क तपासतात. जुने घट आत राहून पाझरल्यास संपर्कांवर क्षार साचतो. तो खरवडून काढल्यावर पुष्कळ यंत्रे लगेच चालू होतात. त्यानंतर मल्टिमीटरने विद्युत् दाब मोजतात. ध्वनिनियंत्रकाच्या टोकाला पेचकसाचे पाते लावले असता कर्ण्यातून गुणगुण ऐकू आली, तर प्रवर्धक व कर्णा ठीक असून दोष त्यांच्या आधीच्या भागात आहे, असे अनुमान निघते. तुटलेला सांधा डाख देऊन जोडतात व निकामी धारित्र बदलतात.

कॅसेटवादकात विद्युतीय दोषांपेक्षा यांत्रिक दोष अधिक आढळतात. कॅसेटमधील फीत ३·८१ मिमी. रुंद असून ती दर सेकंदास सु. ४·७६ सेंमी. या वेगाने हेडवरून सरकते. हा वेग बदलला की स्वर बदलतो. रबरी पट्टा सैल पडला, तर गाणे संथ व डळमळीत ऐकू येते. फीत ओढणारा रोलर कडक झाला, तर फीत आत गुंडाळली जाते. हेडवर फितीची भुकटी साचली, तर आवाज दबका होतो. अल्कोहॉलमध्ये भिजविलेल्या कापसाने हेड पुसल्यास तो पुन्हा स्पष्ट होतो. हेडचा कोन एका बारीक स्क्रूने जुळवितात. हे काम कारागीर बहुधा कानानेच करतो. मराठवाड्यात उन्हाळ्यात तापमान ४० से. च्या वर जाते. उष्णतेने रबर चिकट होते, तर धुळीमुळे नियंत्रकात खरखर निर्माण होते.

प्रशिक्षण व सुटे भाग : औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये रेडिओ व दूरचित्रवाणी दुरुस्तीचा अभ्यासक्रम शिकविला जात असे; तथापि अनेकांनी हे काम एखाद्या उस्तादाच्या दुकानात बसूनच आत्मसात केले. हैदराबाद, पुण्यातील तपकीर गल्ली व मुंबईतील लॅमिंग्टन रोड या सुट्या भागांच्या प्रमुख बाजारपेठा होत. नांदेड व लातूर हे प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. त्यामुळे हैदराबादशी असलेले व्यापारी संबंध जुने आहेत. सोनीने २०१० मध्ये जपानमधील कॅसेट वॉकमनची विक्री थांबविली. जुन्या यंत्रांचे नवे भाग दुर्मिळ झाल्यामुळे एका निकामी यंत्रातील मोटर किंवा हेड काढून दुसरे चालू करावे लागते. दुकानाच्या माळ्यावर पडलेली जुनी यंत्रे ही अडगळ नसून कारागिराचे भांडवलच असते.

आजची स्थिती : एमपी३ संगीतवादक १९९८ पासून व आयपॉड २००१ पासून बाजारात आले, पुढे मोबाइल फोननेच त्यांची जागा घेतली आणि २०२२ मध्ये आयपॉडचे उत्पादन बंद झाले. अंकीय यंत्रात हलणारे भाग फारसे नसतात. बहुतेक कार्य एकाच चकतीत सामावलेले असल्याने ती निकामी झाल्यास तिच्यातील भाग वेगळा बदलता येत नाही. दुरुस्ती उरते ती चार्जिंगची खाच, बटणे, हेडफोनची खाच व लिथियम-आयन घट यांपुरती. फुगलेला घट टोचल्यास पेट घेऊ शकतो. म्हणून तो न दाबता काढावा लागतो. गोंदाने चिकटविलेली वेष्टने उघडणे कठीण जाते व दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राच्या किमतीजवळ पोहोचतो. सारेगम कंपनीने २०१७ मध्ये जुनी गाणी भरून बाजारात आणलेल्या कारवाँसारख्या यंत्रांमुळे काही नवे काम मिळाले.

भारत सरकारने २०२२ मध्ये ग्राहकाच्या दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली. सुटे भाग व माहितीपुस्तिका केवळ उत्पादकाच्या हाती न राहता स्वतंत्र कारागिरालाही मिळाव्यात, हा या हक्काचा गाभा आहे. लहान गावांच्या दृष्टीने त्याचे महत्त्व अधिक आहे; कारण उत्पादकाचे सेवाकेंद्र तेथे क्वचितच असते.

या व्यवसायाचे मोल यंत्राच्या किमतीवरून ठरत नाही. घरगुती कॅसेटवर आजीच्या ओव्या, गावच्या भजनी मंडळाचे गायन किंवा मृत आप्ताचा आवाज असतो व त्याची दुसरी प्रत नसते. अशी कॅसेट यंत्रात अडकली असता जाणता कारागीर आधी फीत सोडवितो, तुटलेली टोके जोडतो, ती नव्या कवचात बसवितो व मगच यंत्राकडे वळतो. चालू स्थितीतील कॅसेटवादकावरून हा आवाज संगणकात उतरवून घेता येतो. त्यासाठी यंत्र व ते चालू ठेवणारा कारागीर ही दोन्ही शिल्लक असावी लागतात.