लेखांक ९ : लाल बल्बाचं खूळ

अतिनील दिव्यावर लिहीन असं गेल्या आठवड्यात म्हटलं होतं, पण तो विषय आज बाजूला ठेवतो. झाशीतल्या सीपरी बाजारातून एका वाचकाची चिठ्ठी आली आहे आणि तिच्यात माझ्या नावडीचा विषय निघाला आहे.

त्यांच्याकडे अल्बिनो बॉल पायथन आहे, पांढऱ्यावर पिवळे पट्टे असलेला. दुकानदाराने थंडीसाठी लाल बल्ब दिला आणि सांगितलं, "सापाला लाल दिसत नाही, रात्रभर चालू ठेवा." आता साप दिवसरात्र पाण्याच्या भांड्यामागे तोंड खुपसून बसतो आणि उंदराकडे ढुंकून बघत नाही. 'बल्ब कमी वॉटचा घेऊ का?' असा त्यांचा प्रश्न आहे.

माझं उत्तर : बल्ब काढा. वॉटचा हिशोब करायची वेळच येऊ देऊ नका.

सापाला लाल दिसत नाही हे कुठून आलं कोण जाणे. बॉल पायथनच्या डोळ्याची तपासणी १९९९ साली प्रसिद्ध झाली. रंग टिपणाऱ्या पेशी दोन प्रकारच्या निघाल्या. एक अतिनील टिपते, साधारण ३६० नॅनोमीटरला. दुसरीचा जोर ५५१ला, म्हणजे हिरवट-पिवळ्यात. त्या दुसऱ्या पेशीची पकड पुढे नारिंगी-लालापर्यंत हळूहळू ओसरत जाते, एकदम तुटत नाही. म्हणजे लाल उजेड सापाला अंधूक का होईना, दिसतोच. रात्रभर दिसत राहिला तर रात्र कधी झाली हेच त्याला कळत नाही.

हे झालं साध्या सापाचं. अल्बिनोच्या अंगात मेलॅनिन तयार होत नाही. हे काळं द्रव्य बुबुळात आणि दृष्टिपटलामागच्या थरात असतं, आणि आत शिरलेला फालतू उजेड शोषून घेणं हे त्याचं काम. बॉल पायथनची बाहुली मांजरासारखी उभी मिटते, पण अल्बिनोमध्ये मिटणारं बुबुळच मलमलीच्या पडद्याइतकं पातळ ठरतं. उजेड बाजूनेही आत झिरपतो आणि आत विखुरतो. त्यात सापाला पापण्या नाहीत. डोळ्यावर एक पारदर्शक खवला, बस. डोळा मिटायचा तर त्याला अंधाऱ्या जागीच जावं लागतं. चिठ्ठीतला साप भांड्यामागे नेमकं हेच करतोय. (खाणं सोडण्यामागे थंडीतला उपासही असू शकतो, या जातीला ती सवय असते. पण आधी दिवा काढून बघा.)

लाल बल्ब ऊब तरी नीट देतो का, तर तेही बाजारातून काय हाती येतं त्यावर. तारेचा जुना बल्ब नव्वद टक्क्यांहून जास्त वीज उष्णतेत घालवतो. ज्याला झिरोचा म्हणतात, तोसुद्धा चांगली पंधरा वॉट खायचा. आता त्याच नावाने अर्ध्या वॉटचा एलईडी मिळतो. तो लावलात तर उजेड पुरेपूर आणि ऊब शून्य. अल्बिनोसाठी याहून उलटा दिवा शोधून सापडायचा नाही.

ऊब हवी पण उजेड नको, यावर दोनच उपाय मला पटतात. एक सिरॅमिकचा हीटर, चिनी मातीच्या होल्डरात आणि भोवती जाळी, कारण साप त्याला वेटोळं घालतो आणि भाजून घेतो. दुसरा पेटीखालची हीट मॅट, तळाच्या फार तर एक तृतीयांश भागाला. दोन्ही थर्मोस्टॅटशिवाय नकोत. मॅट मोकाट तापली तर पोट भाजतं, आणि साप बऱ्याचदा तिथून हलतही नाही. गरम टोकाला ३१ ते ३३ अंश, गार टोकाला २५ ते २७, आणि दोन्हीकडे अंगाला घट्ट बसेल अशी लपण. लपण एकीकडेच असली तर ऊब की अंधार, यांतलं एक सापाला सोडावं लागतं.

दिवसाच्या उजेडासाठी खोलीत खिडकीतून जेवढा येतो तेवढा बास, फक्त ऊन थेट काचेवर पडू नये. खोली फारच काळोखी असेल तर मंद पांढरा एलईडी बारा तास, तोही पेटीच्या अर्ध्याच भागावर.

चिठ्ठीत सरकारच्या परिवेश पोर्टलवर सापाची नोंदणी केल्याचा उल्लेख आहे, हे वाचून बरं वाटलं. हा आफ्रिकेचा साप, वन्यजीव व्यापाराच्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टातला, त्यामुळे २०२४च्या नियमांनी नोंद बंधनकारक आहे. आपल्याकडचा साप मात्र, अल्बिनो असो वा साधा, १९७२च्या वन्यजीव कायद्यामुळे घरात पाळता येत नाही. शेतात पांढरा नाग निघाला तर वनखात्याला कळवा, आरती नको.

आता खरी झाशीतली गोष्ट. आपण सगळे जानेवारीच्या रात्रींची काळजी करतो आणि हीटर घेतो. पण इथे सापाला मारतो तो मे महिना. २०२४च्या मे अखेरीस इथला पारा ४९ला पोचला होता. खोलीच ३६ झाली की थर्मोस्टॅट हीटर बंद करतो, पण थंड तो करू शकत नाही. पेटीत गार टोक उरतच नाही. खंडेराव दरवाज्याकडच्यासारखा जाड भिंतींचा वाडा असेल तर आतली खोली, आणि पेटी जमिनीवर. वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली, कधीच नाही. कूलर चालू असेल तर वाऱ्याचा झोत पेटीवर न सोडता खोली गार होऊ द्या. मात्र दमट हवेत बुरशी धरते, म्हणून पाऊस सुरू झाला की खालचं भूस वरचेवर बदला. वीज गेली तर पाण्याची गोठवलेली बाटली फडक्यात गुंडाळून पेटीच्या बाहेर, गार टोकाच्या काचेला टेकवून ठेवावी.

चिठ्ठी लिहिणाऱ्यांनी बल्ब काढल्यावर पंधरा दिवस सापाला हात लावू नये, आणि उंदीर संध्याकाळनंतरच द्यावा.